साथीला ट्रम्पेट

तोवर माझ्या लेखी ट्रम्पेट हे वरातीचं वाद्य होतं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र रबरी चपला, आणि गाल फुगवून, मधूनच घाम पुसत नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माइशी पुऱ्या करणारा एक वाळका माणूस. गणपतीच्या मिरवणुकीतही तोच माणूस, तोच कोट. हिंदी सिनेमात हे वाद्य वाजलं की समजायचं, आता क्लब येणार, धूर येणार, खलनायकाच्या हातात ग्लास येणार. एकटेपणाशी ट्रम्पेटचा काही संबंध असेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला लुई मालचा पहिला कथापट पाहिला. फ्रेंच नाव 'आसान्सर पूर लेशाफो', म्हणजे फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. प्रोजेक्टरची घरघर चालू, आणि उपशीर्षकं पांढऱ्यावर पांढरी, त्यामुळे निम्मी कथा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारावी लागली. कथा तशी साधीच. ज्युलियन आपल्या मालकाचा खून करतो, कारण मालकाची बायको फ्लोरान्स आणि तो प्रेमात आहेत. सगळं जमलेलं असतं, फक्त एक दोर काढायचा राहून जातो. तो आणायला परत गेला, तेवढ्यात रखवालदारानं इमारतीची वीज बंद केली आणि हा लिफ्टमध्ये अडकला. खाली रस्त्यावरची त्याची गाडी एक पोरगा आणि त्याची मैत्रीण घेऊन पळाले. कॅफेत वाट पाहत बसलेल्या फ्लोरान्सला गाडी जाताना दिसते, आत भलतीच मुलगी दिसते. आणि मग ती उठते आणि चालायला लागते.

हे चालणं बघण्यासाठी मी तो सिनेमा नंतर किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. रात्रीचं शाँझेलिझे. जान मोरो बारमधून बारमध्ये डोकावते, रस्ता ओलांडताना गाड्यांकडे बघतही नाही, स्वतःशीच काही पुटपुटते. छायालेखक आंरी दकाए. त्यानं वेगळे दिवे लावलेच नाहीत. दुकानांच्या काचांतून जो उजेड रस्त्यावर सांडत होता त्यावरच भागवलं, आणि कॅमेरा ठेवला बाबागाडीत. नटीच्या चेहऱ्याला मेकअपही जवळपास नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हे इतकं वावगं होतं, की प्रयोगशाळेतले लोक निर्मात्याकडे तक्रार घेऊन गेले म्हणे, की ही पोरं एका चांगल्या नटीचं वाटोळं करताहेत. पोरंच ती. माल तेव्हा पंचविशीत होता. त्याआधी तो समुद्रसंशोधक झाक कूस्तोबरोबर पाण्याखाली चित्रण करत होता. दोघांच्या 'द सायलेंट वर्ल्ड'ला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेलं होतं. पाण्याखालच्या शांततेतून वर आलेल्या माणसाला आवाज कुठे घालू नये हे कळत असावं, असं मला उगीचच वाटत आलं आहे.

कारण त्या चालण्याला संगीत आहे ते एका ट्रम्पेटचं, आणि ते ट्रम्पेट तिच्याबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे नायिका उदास झाली की तिच्या आधी सारंगी रडते. इथे फ्लोरान्स एका फुटपाथनं चालली आहे आणि ते ट्रम्पेट समोरच्या फुटपाथनं. तिच्याकडे न बघता, पण तिला सोडूनही न जाता. मध्येच थांबतं. ती चालत राहते. मग दोन-चार स्वर, जरा लांब धरलेले, पुन्हा थांबणं. मी त्या दिवशी घरी चालत आलो. लक्ष्मी रोडवरची बंद दुकानं, शटरवर टेकवलेल्या हातगाड्या आणि एक भुंकणारं कुत्रं. शाँझेलिझेशी काडीचं साम्य नव्हतं, पण रात्र मात्र तीच वाटत होती.

वाजवणारा होता माइल्स डेव्हिस. वय एकतीस. १९५७ च्या नोव्हेंबरअखेर तो पॅरिसला आला होता मैफली करायला. मध्यस्थानं मालशी गाठ घालून दिली, मालनं सिनेमा दाखवला. मग ४ डिसेंबरच्या रात्री शाँझेलिझेवरच्याच एका स्टुडिओत पाच वादक जमले आणि पहाटेपर्यंत काम संपवून उठले. बॅरनी विलां, टेनर सॅक्सोफोन, वय अवघं वीस. पियानोवर रने उर्त्रजे, बेसवर पिएर मिशलो. हे तिघे फ्रेंच. ड्रमवर केनी क्लार्क, बीबॉप या जाझशैलीच्या जन्मदात्यांपैकी एक, जो वर्षभरापूर्वी अमेरिका सोडून पॅरिसला येऊन राहिला होता. पडद्यावर सिनेमातले तुकडे पुन्हा पुन्हा फिरवले जात होते आणि ही मंडळी ते बघत वाजवत होती. जान मोरो स्वतः तिथे होती, लोकांना पेयं देत.

ही हकीकत सांगताना सगळे हमखास म्हणतात की एक स्वरही आधी ठरलेला नव्हता. मला ते पटत नाही, आणि खरंही नाही. माइल्सनं हॉटेलच्या खोलीत पियानो ठेवून घेतला होता आणि थोडे आराखडे करून ठेवले होते. पण ते फारच थोडे. त्या रात्रीच्या चालण्याच्या रचनेला आधार आहे तो फक्त दोन कॉर्डचा, डी मायनर आणि सी सेव्हन. एकावर काही वेळ राहायचं, मग दुसऱ्यावर, आणि परत. बस. आपल्याकडे दोन ओळींच्या बंदिशीवर गवई पाऊण तास काढतो, तेव्हा त्यानं सगळं आयत्या वेळी रचलं असं आपण म्हणत नाही. बंदिश आहे, मागे रियाज आहे, आणि आज, इथे, समोर जे आहे ते आहे. माइल्सच्या समोर त्या रात्री एक चालणारी बाई होती.

ही बंदिशीची उपमा मला सुचली ती अण्णांमुळे. माझे वडील. नोकरी बँकेत, पण ओळख तबल्याची. पेठेतल्या गाण्याच्या शिकवण्या, गणेशोत्सवातले कार्यक्रम, कुणाच्या एकसष्टीची घरगुती मैफल, सगळीकडे अण्णा साथीला. एकल तबला त्यांनी कधी वाजवला नाही, वाजवायची इच्छाही दाखवली नाही. घरातल्या संगीतावर त्यांचं राज्य होतं, आणि त्या राज्यात माझी पहिली घुसखोरी म्हणजे मित्राकडून भरून घेतलेली 'काइंड ऑफ ब्लू'ची कॅसेट. पॅरिसनंतर सव्वा वर्षानं, १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये, माइल्सनं न्यूयॉर्कला दोन बैठकींत केलेलं हे ध्वनिमुद्रण. पॅरिसमध्ये जो दरवाजा त्यानं किलकिला केला होता तो इथे सताड उघडलेला आहे, असं मला वाटतं: कॉर्डांची रांग धरून पळायचं नाही, एका स्वरसमूहात मुक्काम करायचा.

पहिला तुकडा 'सो व्हॉट'. अण्णा दाढी करत होते. गालाला साबण, हातात रेझर, आणि म्हणाले, "काफी आहे की रे हा." मी म्हटलं, राग नाहीये अण्णा. "राग कोण म्हणतंय? सूर काफीचे आहेत." बरोबर होतं त्यांचं. पाश्चात्य लोक ज्याला डोरियन म्हणतात त्यात गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. भातखंड्यांच्या हिशेबात तो काफी थाट. मी खूश. एवढ्यात सोळा मात्रांची आवर्तनं... चुकलो, ते लोक बार म्हणतात. सोळा बार झाले आणि सगळं एकदम अर्ध्या सुरानं वर चढलं. रेझर थांबला. "हे काय? पांढरी दोनवरून काळी दोनला गेला?" आठ बार गेले, पुन्हा सगळं खाली. "आला परत," अण्णा म्हणाले. मग आरशातल्या माझ्याकडे बघत, "आणि तबलेवाल्यानं काय करायचं मधल्या मधे? हातोडी घेऊन बसायचं?"

त्या घरात जाझला प्रवेश मिळाला तो असा, चेष्टेच्या वाटेनं.

पॅरिसच्या ध्वनिमुद्रणाची सीडी पुढे काही वर्षांनी हाती आली. फ्रान्सला गेलेल्या मावसभावाला मी यादी दिली होती, त्यानं यादीतलं एवढंच आणलं, बाकी परफ्यूम. या सीडीची गंमत अशी, की १९८८ मध्ये काढलेल्या त्या आवृत्तीत त्या रात्रीचे मूळ टेक जसेच्या तसे घातलेले आहेत. सिनेमाबरोबर जी रेकॉर्ड आली होती तिच्यावर नंतर प्रतिध्वनी चढवलेला होता. इथे तो नाही. फरक किती पडावा? प्रतिध्वनी असला की ट्रम्पेट रस्त्यावर उभं असतं, ओल्या डांबरावर, मागे उंच इमारती. प्रतिध्वनी काढला की ते खोलीत येतं. बेसच्या तारेवरून बोट घसरल्याचं कळतं, ट्रम्पेटमधला श्वास कळतो, पाच माणसं एकमेकांपासून किती हातांवर बसली आहेत त्याचाही अंदाज येतो. सिनेमाला पहिलं बरोबर, हे मान्य. पण रात्री दिवे मालवून ऐकायला मला दुसरं हवं असतं.

आणि त्या रात्रीच्या चालण्याच्या एकाच रचनेचे त्यात चार टेक आहेत. त्यांतला एक सिनेमाच्या श्रेयनामावलीला लागला, एक फ्लोरान्सच्या चालण्याला. म्हणजे आपण ज्याला 'ते' संगीत म्हणून मनात गोंदवून घेतलं, ते तिथे लागलं नसतं तर शेजारचं लागलं असतं. हे कळल्यावर मी जरा हिरमुसलो होतो. दैवी वाटलेल्या गोष्टीची कच्ची वही सापडावी, तसं.

मूळ रेकॉर्डच्या वेष्टनावरचा मजकूर बोरिस व्हियाँनं लिहिला होता. या माणसाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कादंबरीकार, कवी, इंजिनिअर, रेकॉर्ड कंपनीत जाझचा जाणकार, आणि स्वतः ट्रम्पेट वाजवणारा. हृदय कमकुवत म्हणून ते मात्र त्याला सोडावं लागलं होतं. त्यानं लिहून ठेवलंय, की एका तुकड्याच्या वेळी माइल्सच्या ओठाची बारीक साल निघून वाद्याच्या मुखात अडकली आणि स्वर विलक्षण चिरकला, आणि माइल्सनं तो तसाच स्वीकारला. ज्याला स्वतःला आता फुंकायची बंदी आहे, त्यानंच दुसऱ्याच्या ओठाची साल टिपावी. पुढे २३ जून १९५९ ला व्हियाँ एका चित्रपटगृहात गेला. त्याच्याच कादंबरीवर, त्याच्या मनाविरुद्ध काढलेल्या सिनेमाचा खास खेळ होता. सुरू होऊन काही मिनिटं झाली असतील-नसतील, तो खुर्चीतच कोसळला. वय एकोणचाळीस. जाझ आणि सिनेमा यांच्या लग्नाच्या गोष्टी सांगणारे फार, पण त्या लग्नघरातला हा मृत्यू कुणी काढत नाही.

आपल्याकडे हे लग्न पुष्कळ आधी लागलं होतं, आणि त्याचे भटजी गोव्याचे. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात तीसच्या दशकात अमेरिकन काळ्या वादकांचे ताफे वाजवून गेले, त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी उचललं. पॅरिशच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं रात्री हॉटेलात जाझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाला, लुई आर्मस्ट्राँगसारखा रुमाल हातात घेऊन ट्रम्पेट वाजवू लागला, आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर, म्हणजे सी. रामचंद्रांबरोबर, कामाला लागला. १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचे वादक पडद्यावरच दिसतात. भगवानदादांच्या पायांमागे ते ट्रम्पेट नसतं, तर दादांचा तो हलता-न-हलता नाच नुसताच हलला असता.

पण तो नाच. गोव्याच्या त्या वादकांना आम्ही उत्सवाला बोलावलं, खलनायकाच्या अड्ड्यावर बोलावलं, नायिका रात्री रस्त्यावर एकटी चालत असताना बोलावलं नाही. तिथे आमची व्हायोलिनं ठरलेली, आणि तीही पन्नास. तीदेखील बव्हंशी गोव्याच्याच हातांत होती, हा भाग वेगळा. पार्श्वसंगीताच्या वेळी त्यांच्यापुढेही पडदा असे आणि पडद्यावर प्रसंग. फक्त त्यांच्यासमोर कागदही असे, आणि कागदावर सगळं लिहिलेलं. त्यांच्यापैकी कुणाला दोन कॉर्ड देऊन, "बघ तिच्याकडे आणि वाजव" असं कुणी म्हटलं असतं तर? हा प्रश्न 'अलबेला' लागला की मला छळतो, आणि मग गाणं सुरू होतं आणि मी विसरतो.

मालचंही सांगतो. १९६८ मध्ये तो कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक अशा दोघांना घेऊन भारतात आला, महिनोन्‌महिने फिरला आणि सात भागांचा 'फँटम इंडिया' केला. शेवटचा भाग मुंबईवर. बीबीसीनं १९७० मध्ये ही मालिका दाखवली तेव्हा आपलं सरकार इतकं खवळलं की बीबीसीला दिल्लीतला गाशा गुंडाळावा लागला. मला त्या मालिकेतली दारिद्र्याची दृश्यं खटकत नाहीत. होतं ते होतं. मला खटकतो मालचा आवाज. दृश्यांवर तो स्वतः बोलतो, पुष्कळ बोलतो, हुशारीचं बोलतो. स्वतःच्या संशयांबद्दलही प्रामाणिकपणे बोलतो. पण फ्लोरान्सला त्यानं जी सोबत दिली होती, शेजारून चालणारी आणि मध्येच गप्प होणारी, ती आपल्या वाट्याला फार कमी आली. पंचविशीत त्यानं साथ दुसऱ्यावर सोपवली होती. पस्तिशीत ती स्वतःच केली.

साथ हा शब्द पुन्हा अण्णांकडे नेतो. निवृत्तीनंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. कार्यक्रम थांबले. दुपारी ते माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि "तुझा तो लाव" म्हणायचे. तुझा तो म्हणजे माइल्स. नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मला वाटलं होतं ते ट्रम्पेट ऐकतात. एके दिवशी म्हणाले, "हा झाडूवाला फार समजूतदार आहे." केनी क्लार्क ब्रश वापरतो त्याबद्दल बोलत होते. तारांचे ते ब्रश ड्रमच्या कातड्यावर फिरतात तेव्हा खरंच सकाळी अंगण झाडल्यासारखा आवाज येतो. "बघ, तो थांबतो ना तुझा, तिथे हा हात घालत नाही. नुसता ठेका धरून बसतो. मोह होतो तिथे. रिकामी जागा दिसली की बोटं शिवशिवतात. आयुष्य गेलं माझं ती बोटं आवरण्यात."

एवढं बोलून ते गप्प बसले. मी त्यांच्या बोटांकडे बघायचं टाळलं.

सिनेमा त्यांनी पाहिला नाही. मी पुढे डीव्हीडी मिळवली, तरी नाही. "डोळ्यांना त्रास होतो," म्हणाले, पण तेच डोळे क्रिकेटच्या वेळी ठणठणीत असत. मग मीच गोष्ट सांगितली, तुकड्यातुकड्यानं, जशी सीडी पुढे जाईल तशी. खून, लिफ्ट, गाडी, चालणं. त्यात वीस मिनिटांचंसुद्धा संगीत नाही हे ऐकून ते प्रसन्न झाले. "शहाणा आहे दिग्दर्शक."

मग म्हणाले, "भेटतात का दोघं शेवटी?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आठवून बघितलं. सुरुवातीला दोघं टेलिफोनवर बोलतात, ती एका टोकाला, तो दुसऱ्या. मग तो लिफ्टमध्ये आणि ती रस्त्यावर. सबंध सिनेमात फ्लोरान्स आणि ज्युलियन एका चौकटीत येतच नाहीत. येतात ते अगदी शेवटी, तेही फोटोत. गाडी पळवणाऱ्या पोरांच्या हाती लागलेल्या ज्युलियनच्याच छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढले गेलेले असतात, रीळ धुवायला टाकलेलं असतं, आणि त्याच रिळात आधीचे, या दोघांचे फोटो असतात. डार्करूममध्ये पोलीस उभा. ट्रेमधल्या पाण्याखाली कोरा कागद, आणि त्यावर हळूहळू तिचा चेहरा उमटतो, मग त्याचा, एकमेकांना बिलगलेले. त्यांना पकडून देणारा पुरावा तोच. आणि वर ते ट्रम्पेट.

मी अण्णांना तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"म्हणजे वाजवणाऱ्यानंही त्या दोघांना एकत्र पाहिलं ते फोटोतच," ते म्हणाले. मग सीडीच्या डबीकडे बोट केलं, जेवढं सरळ होत होतं तेवढं. "ते चार आहेत म्हणालास ना? त्यातला जो घेतला नाही, तो लाव."